निळ्याचा वॉर्डन

६ एप्रिल

आज मला पद मिळालं. रिटायर झाल्यापासून पहिलंच. टिंकर्स हीथ नावाच्या माळाचा मी आता बटरफ्लाय वॉर्डन आहे. काम बिनपगारी आहे, पण एक फ्लुरोसंट जॅकेट दिलं आहे आणि ते माझ्या मापाचं निघालं.

माळ म्हणजे आमच्या बंगल्याचं मागचं फाटक उघडलं की जे सुरू होतं ते. हेदरची खुरटी झुडपं, मधूनमधून पिवळ्या फुलांचं काटेरी गॉर्स, वाळू आणि वारा. गेल्या ऑक्टोबरमध्ये आम्ही ब्रिस्टल सोडून इथे सरी काउंटीमध्ये आलो ते माझी बायको शीला हिच्या हार्ट अटॅकनंतर. लेक ईशिता एजवेअरला असते, तिच्या जवळ असावं आणि शीलाला मोकळी हवा मिळावी हा हेतू. हवा भरपूर आहे. मी ती शीलाला शक्यतो खिडकीतून देतो.

या माळावर सिल्व्हर-स्टडेड ब्लू नावाचं फुलपाखरू राहतं. अंगठ्याच्या नखाहून थोडं मोठं. नर निळा, पंखांच्या खालच्या अंगाला चांदीच्या टिकल्या. देशभर ते कमी होत चाललं आहे आणि आमच्या भागात फक्त इथेच उरलं आहे. शिवाय स्वभावाने घरकोंबडं. जन्मलं त्या झुडपापासून फार लांब जातच नाही. म्हणजे इथलं संपलं तर बाहेरून दुसरं येणार नाही. गेल्या उन्हाळ्यात जेमतेम मूठभर दिसली. यंदा एकही दिसलं नाही तर 'इथून नामशेष' अशी नोंद करावी लागेल, असं काउंटीच्या कीटकतज्ज्ञ डॉ. रोझ टॅलबट फोनवर म्हणाल्या.

मी त्यांना निश्चिंत राहायला सांगितलं. विमानांचे पंख बनवणाऱ्या कारखान्यात मी उभा जन्म सेफ्टी इन्स्पेक्टर होतो. माझ्या देखरेखीखाली एकही पंख निखळला नाही.

शीलाला हे सांगितलं तर ती म्हणाली, "ते पंख हलत नव्हते."

९ एप्रिल

पाहणी केली. परिस्थिती गंभीर आहे.

फुलपाखरांच्या मुख्य पट्ट्याभोवती आधीच्या वॉर्डनने काही वर्षांपूर्वी दोरी बांधली होती. ती जागोजागी लोंबते आहे. कुत्री आत शिरतात, सायकली बाजूने जातात. सगळ्यात घातक म्हणजे घोडे. ग्लेनिस हार्कनेस नावाच्या बाई माळापलीकडे छोटं राइडिंग स्कूल चालवतात. त्यांच्या घोड्यांनी पट्ट्याच्या कडेकडेने एक चोरवाट पाडली आहे. तिथलं हेदर तुडवून तुडवून पार खुजं झालंय, वाळू उघडी पडली आहे, मुंग्यांची वारुळं झाली आहेत. बघवत नाही.

दुहेरी दोरी, मजबूत खांब आणि पाट्या, असा उपाय ठरवला. शीलाला नकाशा काढून दाखवला. तिने चष्मा लावून नीट पाहिला.

"छान आहे," ती म्हणाली. "आयसीयूसारखं."

तीस वर्षं वॉर्ड सिस्टर होती ती. तिच्याकडून ही दाद मिळणं सोपं नाही.

१९ एप्रिल

एजवेअरच्या हॉलमध्ये आमच्या मंडळाचा भीमजयंतीचा कार्यक्रम झाला. शीलाला पांढरी साडी नेसून इतक्या लोकांत बसलेलं बघून बरं वाटलं. दर पंधरा मिनिटांनी मी तिला खुणेने विचारत होतो, ठीक ना? शेवटी ती पंख्याजवळच्या खांबामागे जाऊन बसली. तिला गरम होत असणार.

मंडळाचे सेक्रेटरी प्रमोद यांनी मला दोन शब्द बोलायला लावलं. मी नव्या जबाबदारीबद्दल सांगितलं. सरीमध्ये निळं धोक्यात आहे, घोडेवाले रोज ते तुडवतायत आणि कौन्सिल बघत बसली आहे. मागून कोणीतरी "जय भीम" म्हणालं. प्रमोदने माइक घेऊन जाहीर केलं की सुहाससाहेब एकटे नाहीत, मंडळ त्यांच्या पाठीशी उभं आहे. तिथल्या तिथे ठराव मांडला गेला आणि एकमताने पास झाला.

जेवताना लक्षात आलं की निम्म्या लोकांना विषय फुलपाखराचा आहे हे कळलंच नव्हतं. प्रमोदलाही नाही. पण ठराव आता मागे घेता येणार नाही, असं तो म्हणाला.

एका ताईंनी विचारलं, मादीही निळीच असते का. मी म्हणालो, नाही, ती तपकिरी असते.

"काम करणाऱ्याला रंग परवडत नाही," शीला म्हणाली, आणि भाताकडे वळली.

२ मे

दुहेरी दोरी पूर्ण झाली. आता आत काहीही येऊ शकत नाही.

घरातही त्याच पद्धतीने काम चालू आहे. बाथरूममध्ये आणि व्हरांड्यात धरायच्या दांड्या बसवल्या. शीलाच्या मनगटाला अलार्मचा पट्टा लावला. पडली तर तो आपोआप वाजतो. परवा तिने कणीक मळताना परात आपटली तेव्हाही वाजला. मी माळावरून धावत आलो. तिने कणकेचा हात माझ्या जॅकेटला पुसला.

मीठ कमी केलं आहे. कुंड्या उचलायच्या नाहीत, गाडी चालवायची नाही. दर गुरुवारी माझी हीथ कमिटीची मीटिंग असते, त्या वेळात ती ग्लेनिसकडे चहाला जाते म्हणते. रस्ता सपाट आहे, म्हणून मी हरकत घेतली नाही. शिवाय यात डिप्लोमसी आहे. शीलाशी ओळख वाढली की बाईंचं घोड्यांबाबतचं धोरण जरा मवाळ होईल.

१० मे

आज भयंकर प्रकार पाहिला.

दोरीच्या बाहेर, त्या घोड्यांच्या चोरवाटेच्या काठाला हेदरच्या शेंड्यावर एक छोटी हिरवी अळी दिसली. पुस्तकातल्या चित्राशी ताडून पाहिलं, आपलीच. आणि तिच्या अंगावर काळ्या मुंग्या चढल्या होत्या. पाठीवर, शेपटीवर, सगळीकडे. अळी बिचारी निमूट पडून होती.

मी घरून वॉटरकलरचा ब्रश आणला आणि एकेक मुंगी हळुवार बाजूला केली. त्या परत येतात. मी परत करतो. दुपारभर हेच केलं. शीला डबा घेऊन तिथे आली होती. बराच वेळ ती अळीकडे बघत राहिली.

"अहो, त्या चावत नाहीयेत," ती म्हणाली. "हात फिरवतायत."

मी म्हणालो, तुझा चष्मा बदलायला झालाय.

डॉ. टॅलबटना ईमेल केला. सब्जेक्ट लाइन: अर्जंट, मुंग्यांचा हल्ला.

१४ मे

कमिटीत मी माळावर घोड्यांना पूर्ण बंदी घालायचा प्रस्ताव मांडला. ग्लेनिसबाई पुन्हा गैरहजर. त्यांचा निरोप होता की त्या एका नवशिक्या ज्येष्ठ महिलेला राइडिंग शिकवत आहेत.

मला राहवलं नाही. असल्या वयात घोड्यावर बसणाऱ्या बाईच्या घरी विचारणारं कोणी नसतं का, असं मी सभेत स्पष्ट विचारलं. सगळे आपापल्या चहाच्या कपात बघत राहिले. चेअरमनना खोकला आला. प्रस्ताव पुढच्या मीटिंगवर ढकलला.

घरी येऊन शीलाला सांगितलं. तिने विचारलं, "मग काय म्हणाले सगळे?" मी म्हणालो, कोणाला उत्तर देता आलं नाही. ती खूप हसली. अटॅकनंतर इतकं हसताना तिला पाहिलं नव्हतं. कमिटीचे किस्से तिला रोज सांगायला हवेत.

२३ मे

ईशिता राहायला आली आहे. येताना आईसाठी एक मोठा खोका घेऊन आली. मी उघडणार तोच तिने तो खेचून घेतला.

"बाबा, ते आईचा योगाचा हेल्मेट आहे."

योगाला हेल्मेट कशाला, असं मी विचारलं. ती म्हणाली, "शीर्षासन." मी शीर्षासनाला सक्त मनाई केली. दोघींनीही लगेच मान्य केलं, याचं समाधान वाटलं.

ईशिताशी एकट्याने बोललो. आईची काळजी वाटते का, असं विचारलं. ती म्हणाली, "मला आईचा काळजी नाही वाटत, बाबा. तुझा वाटते." मराठीत लिंगाचा घोळ घालते, पण मन साफ आहे.

एक गोष्ट नोंदवायला हवी. शीलाचं बीपी उतरलं आहे. रंग सुधारलाय, झोप गाढ लागते, भूक वाढली आहे. गाजरं तर आणली की संपतात. मीठ कमी केल्याचा परिणाम इतका लवकर दिसेल असं वाटलं नव्हतं.

३० मे

डॉ. टॅलबटचा फोन आला. ईमेलच्या उत्तराला उशीर झाल्याबद्दल त्यांनी माफी मागितली आणि मग विचारलं, मी मुंग्यांचं नक्की काय केलं. मी ब्रशचं सांगितलं. रोज करतो म्हणालो.

त्यांनी तो ब्रश आधी परत पेटीत ठेवायला सांगितलं.

मग त्यांनी समजावलं. त्या मुंग्या अळीच्या राखणदार आहेत. अळीच्या अंगातून गोड थेंब निघतो, तो त्या पितात, आणि बदल्यात तिला कोळ्यांपासून, गांधीलमाश्यांपासून सांभाळतात. कोष करायची वेळ आली की अळी बहुतेक वेळा मुंग्यांच्या वारुळातच किंवा त्याच्या आसपास जाते. पंख फुटून बाहेर पडणाऱ्या फुलपाखराभोवतीही मुंग्या असतात. मुंग्या नाहीत तर फुलपाखरू नाही.

"म्हणजे तुम्ही तिच्या नर्सेसना हाकलत होता," त्या म्हणाल्या. फोन स्पीकरवर होता.

शीलाने रात्रीच्या जेवणात मला वाढलं नाही. माझं मी घेतलं.

४ जून

दोरीच्या आतही टापांचे ठसे. कोपऱ्यातली दोरी सोडून कोणीतरी वाट जवळची करायला घोडा आत घालतं आणि जाताना दोरी पुन्हा बांधून ठेवतं. गाठ उत्तम आहे, अगदी बँडेजची असते तशी. म्हणजे गुन्हेगार सराईत आहे.

खांबाला आपोआप फोटो काढणारा कॅमेरा बांधला.

१२ जून

कॅमेऱ्यात फोटो आला. खांब फार खाली पुरला गेल्यामुळे फोटोत फक्त घोड्याचे पाय, पोट आणि रिकिबीतला एक बूट आहे. घोडा पांढरा-तपकिरी, जाड, हा ग्लेनिसबाईंचा पुडिंग. बूट लहान मापाचा आहे. मी फोटो मोठा करून शीलाला दाखवला. हा बूट कुठे पाहिलाय का, असं विचारलं.

तिने बराच वेळ पाहिला. "नीट बसवलाय रिकिबीत," ती म्हणाली. "टाच खाली आहे."

निरीक्षण चांगलं होतं, पण तपासाला त्याचा उपयोग नाही.

माळावर अजून एकही फुलपाखरू नाही. दोरीच्या आत तर अळीही सापडली नाही. खरं सांगायचं तर मला भीती वाटायला लागली आहे. इतकं सगळं करून जर काहीच आलं नाही तर मी कोणाला काय तोंड दाखवणार. कारखान्यात पंखाला तडा गेला तर तो बदलता यायचा.

२५ जून

पाय उशीवर ठेवून लिहितोय. घडलं ते क्रमाने लिहितो.

आज गुरुवार. हॉलमध्ये फ्लॉवर शो असल्यामुळे कमिटीची मीटिंग रद्द झाली. शीलाला मी ते सांगितलं नाही, कारण गुप्तता महत्त्वाची होती. जेवण करून ती ग्लेनिसकडे गेली आणि मी माळावर. वॉर्डनने ड्यूटीवर जॅकेट घालायचं असा नियम आहे, म्हणून घातलं. पण ते लांबून चमकतं, म्हणून वरून तपकिरी चादर पांघरली आणि गॉर्सच्या झुडपात बसलो. गॉर्सचे काटे चादरीतूनही लागतात.

ऊन चढलं. मग टापा ऐकू आल्या. दोन घोडे. पुढच्यावर ग्लेनिसबाई. मागे पुडिंग, त्याच्यावर हेल्मेट घातलेली एक ठेंगणी बाई, पाठ ताठ, लगाम हातात. तिने वाकून कोपऱ्यातली माझी दोरी सोडली.

मी शिट्टी फुंकली आणि झुडपातून झेप घेतली. म्हणजे घ्यायला गेलो. खालची दोरी पायात आली आणि मी तोंडावर पडलो. घोट्यात कळ गेली. चादर डोक्यावर आली होती, त्यामुळे मला काही दिसत नव्हतं.

अंधारात फक्त एक शब्द ऐकू आला.

"अहो."

छत्तीस वर्षं मी तो आवाज ऐकतोय.

चादर काढली तर शीला, माझी धम्मशीला, घोड्यावर बसलेली. मी ओरडलो की खाली उतर, तुझं हृदय. ती उतरली, कोणाचाही हात न धरता, आणि माझ्या शेजारी गुडघ्यावर बसून तिने माझी नाडी धरली. स्वतःच्या मनगटावरच्या घड्याळात बघत. अलार्मचा पट्टा तिथे नव्हता. तो पुडिंगच्या लगामाला बांधलेला होता.

"तुमची नाडी माझ्यापेक्षा जोरात पळतेय," ती म्हणाली. "लांब श्वास घ्या. ग्लेनिस, यांना उचलायला लागेल."

घोटा सुजला होता, चालता येत नव्हतं. दोघींनी मला दोन्हीकडून धरून पुडिंगवर चढवलं. मी विरोध केला. पुडिंगने नाही केला, तो खात होता. मग शीला लगाम धरून पुढे चालू लागली आणि मी खोगिराला दोन्ही हातांनी घट्ट धरून, अंगावर फ्लुरोसंट जॅकेट, डोक्यात गॉर्सची फुलं, असा त्या चोरवाटेने घरी निघालो.

आणि तिथे मला ती दिसली.

वाटेच्या दोन्ही काठांना, जिथे टापांनी हेदर खुजं झालंय आणि वाळू तापलेली असते, तिथे हेदरच्या शेंड्यांवर निळं काहीतरी उघडझाप करत होतं. एक. मग त्याच्या पलीकडे दुसरं. मग पुढे सगळीकडे. खाली चालताना मी सतत दोरीच्या आत बघत असायचो, म्हणून दिसलं नसेल कदाचित. किंवा आजच बाहेर पडली असतील. मी मोजायला सुरुवात केली आणि मध्येच मोजायचं राहून गेलं.

"थांब," मी म्हणालो.

शीला थांबली. पुडिंगही थांबला. एक निळं उडून पुडिंगच्या कानाजवळ आलं आणि परत खाली गेलं.

"हीच का ती?" तिने विचारलं.

मी हो म्हणालो. मग माझा आवाज गेला, बहुधा धुळीमुळे.

२६ जून

शीलाशी बोलणं झालं. मी प्रश्न काढून ठेवले होते. पहिलाच विचारला की हे कधीपासून चालू आहे.

"एप्रिल संपताना सुरू केलं. ग्लेनिसने चहाला बोलावलं होतं. तबेल्यात उभी होते, पुडिंगने माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं." हे कारण होऊ शकत नाही, असं मी म्हणालो. ती म्हणाली, तेच कारण आहे.

"आणि डॉक्टर?"

"कार्डिऑलॉजिस्टना विचारलं होतं. म्हणाले, हळूहळू वाढवा, दम लागला तर थांबा."

"मला का नाही विचारलंस?"

"तुम्ही कार्डिऑलॉजिस्ट आहात का?"

पडली असतीस तर, असं मी म्हणालो. एकदा पडले, ती म्हणाली, वाळूत, काही झालं नाही. मला उठून उभं राहायचं होतं, पण घोट्यामुळे राहता आलं नाही.

मग ती माझ्या पायावरची बर्फाची पिशवी बदलताना सहज म्हणाली, "मला घोड्यावर भीती वाटत नाही, सुहास. घरात वाटते. तुम्ही माझ्याकडे बघता ना, तेव्हा. मी अजून आहे की नाही ते तपासल्यासारखं."

नावाने ती मला फार क्वचित हाक मारते.

यावर काय करायचं मला समजलेलं नाही. दिवसभर मी तिच्याकडे न बघण्याचा प्रयत्न केला. संध्याकाळी ती म्हणाली, हे त्याहून वाईट आहे.

४ जुलै

डॉ. टॅलबट येऊन गेल्या. उंच, उन्हाने रापलेल्या बाई, बोलताना सारख्या जमिनीवर बसतात. मी त्यांना आधी दोरीच्या आतला भाग दाखवला. तिथे गवत गुडघ्याला लागतं, मध्ये नेचे पसरलेत, बर्चची रोपटी डोकं काढतायत. हेदर जुनं, उंच, काटकुळं झालंय. एकही निळं नाही. मग मी काठी टेकत त्यांना चोरवाटेवर नेलं. त्या पोटावर झोपल्या आणि तासभर उठल्या नाहीत.

शेवटी त्यांनी विचारलं, "इथून कोण जातं?"

मी म्हणालो, माझी बायको. गुरुवारी. बाकी दिवस ग्लेनिसबाईंचे विद्यार्थी.

"त्यांना थांबवू नका."

त्यांचं म्हणणं असं. माळ आपोआप माळ राहत नाही. पूर्वी लोक गुरं चारायचे, हेदर कापायचे, जाळायचे, गाड्या न्यायचे. ते बंद झालं की गवत वाढतं आणि मग जंगल. या फुलपाखराला कोवळं हेदर लागतं, उघडी तापलेली वाळू लागते आणि मुंग्या लागतात. हे सगळं पाय पडतात तिथेच उरतं. दोरीच्या आतला भाग हिवाळ्यात कापून, खरवडून मोकळा करायला हवा.

"मग इतके दिवस मी नक्की काय जपलं?" मी विचारलं.

त्यांनी दोरीच्या आत नजर टाकली. "गवत," त्या म्हणाल्या. "फार छान जपलंत."

शीला बाजूला तोंड करून उभी होती. तिचे खांदे हलत होते.

दुपारी मी पाट्या काढल्या. 'प्रवेश निषिद्ध' पुसून काय लिहावं ते सुचेना. सध्या कोऱ्याच ठेवल्या आहेत.

१९ जुलै

आज मंडळाची कोच, म्हणजे मोठी बस, आली.

मी हे पूर्ण विसरलो होतो. प्रमोद विसरला नव्हता. एप्रिलच्या ठरावाची अंमलबजावणी म्हणून त्याने अख्खी कोच ठरवली होती. एजवेअर, हॅरो, वेम्बली असं करत माणसं गोळा केली होती. सगळ्यांच्या गळ्यात निळे रुमाल. बॅनरवर लिहिलं होतं, 'घोडे हटवा, निळं वाचवा.' ग्लेनिसबाई आपल्या गेटवर उभ्या राहून मराठी अक्षरांकडे कौतुकाने बघत होत्या. त्यांना वाटलं ही स्वागताची कमान आहे.

मी प्रमोदला बाजूला घेऊन सांगितलं की परिस्थिती बदलली आहे, घोडे आता आपल्या बाजूला आहेत.

"साहेब, ठराव एकमताने झालाय," प्रमोद म्हणाला. "मागे घेता येत नाही."

"दुरुस्ती करता येते का?"

तो विचारात पडला. मंडळाच्या घटनेत तरतूद आहे, पण कोरम लागेल, असं म्हणाला. माणसं मोजली, कोरम होता. तिथेच माळावर, वाऱ्यात, सभा भरली. मी अळी, मुंग्या, वाळू, टापा असं सगळं समजावून सांगितलं. एका आजोबांनी विचारलं, म्हणजे ज्यांनी तुडवलं तेच उपकारकर्ते, असं आम्ही पास करायचं का? मी शीलाकडे बघितलं. इतक्या वर्षांत मंडळात असा प्रश्न कोणी विचारला नव्हता आणि तो चुकीचाही नव्हता.

शीला म्हणाली, "काका, पायाखाली कोण आहे त्याला विचारून ठरवायचं. आपल्याला कोणी विचारलं नव्हतं. या फुलपाखराला विचारलं, तर ते म्हणतंय या."

आजोबांनी गळ्यातला रुमाल नीट केला. मग हात वर केला. दुरुस्ती पास झाली. बॅनरमधलं 'हटवा' झाकून वरून 'चालवा' असं मार्करने लिहिलं गेलं.

मग सगळे रांगेने चोरवाटेवरून गेले. जपून, वाळूच्या मधोमध, एकमेकांना दबक्या आवाजात दाखवत. निळे रुमाल आणि खाली निळी फुलपाखरं. प्रमोद पुडिंगवर बसला आणि उतरायलाच तयार होईना. ग्लेनिसबाईंनी सगळ्यांना स्कोन्स दिले, ताईंनी त्यांना पुरणपोळी दिली. पुरणपोळीवर त्यांनी जॅम लावला. ताईंनी दुसरी वाढली.

८ ऑगस्ट

हंगाम संपत आला. निळे नर विटके झालेत, पंखांच्या कडा फाटल्यात. आता तपकिरी माद्याच जास्त दिसतात, जमिनीलगत घुटमळणाऱ्या. काउंटीच्या नोंदीत आमचा माळ यंदा राहिला आहे.

आज सकाळी मी वाटेवर उभा होतो. घोटा बरा आहे, काठी सवयीने घेतो. पायाशी एक मादी हेदरच्या बुंध्याकडे चालत गेली. उडाली नाही, चालत गेली. शेपूट वाकवलं आणि जरा थांबून निघून गेली. मी गुडघ्यावर बसून भिंगातून पाहिलं. काडीच्या तळाशी पांढरं अंडं, मिठाच्या कणाएवढं. पुडिंगच्या ताज्या ठशाच्या अगदी काठावर. आता ते तिथेच राहणार. पाऊस, बर्फ, संपूर्ण हिवाळा. मार्चमध्ये अळी निघेल.

खिशात हात गेला. चार खुंट्या आणि दोरी अजून खिशातच असते. एवढ्याशा जागेला घेरायला किती वेळ लागतो.

तेवढ्यात टापा ऐकू आल्या. वळणावरून शीला येत होती. एकटी. ग्लेनिसबाई कुठे दिसेनात. आणि पुडिंग चालत नव्हता, दुडक्या चालीने पळत होता. शीला खोगिरावर वरखाली होत होती, हेल्मेट जरा तिरकं, तोंड लालभडक. हे तिला कधी शिकवलं कोणास ठाऊक. मला बघून तिने वेग कमी केला नाही.

मी हात वर करायला हवा होता. थांब म्हणायला हवं होतं. खाली ते अंडं, वर ती, आणि मध्ये मी, बरोबर वाटेच्या मधोमध.

मी बाजूला झालो, हेदरमध्ये.

पुडिंग शेजारून गेला. वाळू उडाली, माझ्या चष्म्यावर आली. चष्मा पुसून मी वाकून पाहिलं. टाप काडीपासून वीतभर लांब पडली होती. अंडं जागेवर होतं.

पुढे जाऊन शीलाने घोडा वळवला. धापा टाकत होती, पण बोलता येत होतं.

"तिथे काय करताय?"

"रस्ता देतोय," मी म्हणालो.

"मग नीट द्या," ती म्हणाली. "मी परत येतेय."

मी आणखी दोन पावलं मागे सरलो.